इंडेक्स बांधलाय, मग प्लॅनर तो उचलत का नाही?

नकाशांच्या डेटाबेसवर कामाला लागले, त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. दिलेल्या ठिकाणापासून 500 मीटरच्या आतले बसथांबे काढायचे होते. डेटा पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशांची सोय देणारी जोड), जागेच्या कॉलमवर गिस्ट इंडेक्सही (जागा पटकन शोधायची सूची) बांधलेला, तरी क्वेरी अकरा सेकंद घ्यायची. मी इंडेक्स पाडून पुन्हा बांधला. फरक शून्य. शेजारी बसणाऱ्या सीनियर ताईंनी एवढंच विचारलं, "प्लॅन वाचलास का?"

प्लॅन म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचा आराखडा; तो डेटाबेसमधला प्लॅनर आखतो. एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ (क्वेरी चालवून प्लॅन दाखवणारी आज्ञा) लावून पाहिलं तर 'सीक स्कॅन'. म्हणजे टेबलातली ओळन् ओळ तपासली जात होती. चूक माझ्या अटीत होती. मी एसटी_डिस्टन्स काढून ते 500 पेक्षा कमी आहे का, असं विचारत होते. अंतर मोजल्याशिवाय कळत नाही आणि इंडेक्समध्ये अंतरं नसतात. तिथे असतात फक्त प्रत्येक आकृतीभोवतीच्या चौकटी. दोन चौकटी एकमेकींवर येतात का, एवढंच त्याला विचारता येतं. एसटी_डीविदिन नेमकं तेच करतं: ठिकाणाची चौकट चारी बाजूंनी 500 ने फुगवतं, तिच्यात येणारे थांबे इंडेक्सवरून उचलतं आणि खरं अंतर तेवढ्यांचंच मोजतं. फंक्शन बदललं आणि उत्तर लगेच आलं.

एका निर्देशांक पद्धतीतून दुसरीत नेणाऱ्या एसटी_ट्रान्सफॉर्मचंही तसंच आहे. ते कॉलमवर लावलंत तर कॉलमचा साधा इंडेक्स बाद. आमचा कॉलम मीटरमध्ये, एसआरआयडी (निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) 32643 मध्ये होता; मोबाइलवरून येणारा बिंदू 4326 मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत. अशा वेळी बिंदू बदलून घ्यावा, कॉलमला हात लावू नये. (मीटरमधले हे क्रमांक रेखांशाच्या पट्ट्यानुसार बदलतात. पुण्याला 32643 चालतं. नागपूर 79 रेखांशापाशी, म्हणून तिथे 32644.)

अट बरोबर लिहिली तरी इंडेक्स लागेलच असं नाही, कारण प्लॅनर खर्च मांडतो. ओळीने वाचलेल्या पानाचा (डिस्कवरच्या ठरावीक मापाच्या तुकड्याचा) खर्च 1, इकडून तिकडे उडी मारून वाचलेल्या पानाचा 4, हे पोस्टग्रेसचे मूळ आकडे. थोड्या ओळी हव्या असतील तर उड्या परवडतात. अर्धा टेबलच चौकटीत येणार असेल तर सरळ वाचत जाणं स्वस्त, आणि तिथे सीक स्कॅनच योग्य.

किती ओळी येतील हा अंदाज तो अ‍ॅनालाइझ या वेगळ्या आज्ञेने टेबलातून गोळा केलेल्या नमुन्यावरून करतो: आकृत्या कुठे दाट, कुठे विरळ. म्हणून प्लॅनमध्ये अंदाजाचा 'रोज' (rows, म्हणजे ओळींची संख्या) आणि प्रत्यक्षातला 'रोज' शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. दोन टेबलांच्या माझ्या एका जोडणीत अंदाज दोन-चारशेचा होता, आल्या चाळीस हजारांवर. टेबल तात्पुरतं होतं, आणि एरवी अ‍ॅनालाइझ आपोआप चालवणारं ऑटोव्हॅक्यूम तात्पुरत्या टेबलांकडे फिरकत नाही. तिथे डेटा भरून झाला की अ‍ॅनालाइझ स्वतः चालवायचं.

सगळ्यात जास्त वेळ गेला जिल्ह्यांच्या टेबलावर. ओळी फक्त 36. प्लॅनरला टेबल चिमुकलं दिसतं, कारण तो मुख्य टेबलाची 8 केबीची मोजकी पानं मोजतो. पण रत्नागिरी, सिंधुदुर्गचा किनारा म्हणजे खाड्या आणि वळणं, हजारो शिरोबिंदू. असे भले मोठे आकार पोस्टग्रेस 'टोस्ट' नावाच्या वेगळ्या साठ्यात ठेवतो आणि तिथून उचलून आणायचा खर्च प्लॅनर नीट धरत नाही. इनेबल_सीकस्कॅन बंद करून क्वेरी चालवली आणि वेळ लक्षात येण्याइतका घटला, तेव्हा कुठे पाणी मुरतंय ते कळलं. ती सेटिंग निदानापुरतीच वापरा, प्रॉडक्शनवर नको. आम्ही एसटी_सबडिव्हाइडने जिल्ह्यांचे जास्तीत जास्त 256 शिरोबिंदूंचे तुकडे केले, त्यांचं वेगळं टेबल करून त्यावर इंडेक्स बांधला, अ‍ॅनालाइझ चालवलं. पुढच्या प्लॅनमध्ये 'इंडेक्स स्कॅन' आपसूक आला.