शेजाऱ्याशी वावर बदलल्यावर नव्या जमिनीची करासाठीची किंमत कशी काढावी

विहीर एकाच्या गटात आणि वाट दुसऱ्याच्या बांधावरून, अशी अडचण असली की खानदेशात दोन शेजारी समजुतीने वावरे बदलून घेतात. हातात पैसा आला नाही म्हणजे कराचाही प्रश्न नाही, असे बहुतेक जण धरून चालतात. परंतु आयकर कायद्याच्या दृष्टीने अदलाबदल हे विक्रीसारखेच हस्तांतरण आहे.

प्रथम दिलेली जमीन कोठे आहे ते पाहावे. जळगाव किंवा धुळे महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या, आणि अमळनेरसारख्या दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या शहराच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या पलीकडील शेतजमीन भांडवली मालमत्ता ठरत नाही, म्हणून तिच्या हस्तांतरणावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तरीही पुढील हिशेब करून ठेवावा, कारण शहराची हद्द उद्या आपल्या शिवारापर्यंत येऊ शकते.

एक उदाहरण घेऊ. आजोबांनी १९७० साली घेतलेले, वारशाने आलेले आपले वावर वरील अंतराच्या आत असून आज ११ लाखांचे आहे. शेजाऱ्याचे १२ लाखांचे असल्याने वरचा १ लाख आपण धनादेशाने दिला (रोखीने देऊ नये). २००१ पूर्वीच्या जमिनीसाठी १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते, मात्र ते त्या दिवसाच्या मुद्रांक मूल्यापेक्षा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेल्या किमतीपेक्षा) अधिक धरता येत नाही. ते १ लाख होते असे समजू. मिळालेल्या १२ लाखांतून दिलेला १ लाख वजा केल्यावर मोबदला ११ लाख आणि नफा १० लाख होतो, त्यावर १२.५ टक्क्यांनी १,२५,००० रुपये कर येतो. दुसरा मार्ग मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून घेण्याचा: २०२५-२६ चा महागाई निर्देशांक ३७६ (२००१-०२ चा १००) धरल्यास मूळ किंमत ३,७६,०००, नफा ७,२४,००० आणि २० टक्क्यांनी कर १,४४,८०० रुपये होतो, म्हणून येथे पहिला मार्ग स्वस्त पडतो. (उपकर वेगळा.)

आता मुख्य मुद्दा: नव्या वावराची किंमत आजोबांनी जुन्या वावराला दिलेली नव्हे, तर दिलेल्या जमिनीचे त्या दिवसाचे मूल्य ११ लाख, अधिक वरचा १ लाख, म्हणजे १२ लाख, त्यात आपण भरलेले मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मिळवावी. धारणकाळही (जमीन आपल्याकडे किती काळ होती तो) नव्याने, अदलाबदलीच्या दिवसापासून मोजला जातो. त्यानंतर २४ महिन्यांच्या आत विकल्यास नफा अल्पकालीन ठरतो.

म्हणूनच अदलाबदल दस्तात दोन्ही गटांचे मूल्य स्वतंत्रपणे लिहून घेणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या सलोखा योजनेत, १२ वर्षांपासून एकमेकांच्या जमिनीवर ताबा असणाऱ्यांना मुद्रांक शुल्क १,००० आणि नोंदणी फी १,००० रुपये इतकीच पडते. ही सवलत मुद्रांकाची आहे, आयकराची नव्हे, आणि शुल्क नाममात्र म्हणून मूल्य न लिहिणे ही मोठी चूक होय. दस्ताची प्रत, त्या वर्षीच्या रेडी रेकनरचा (जमिनीच्या सरकारी दरपत्रकाचा) उतारा आणि फेरफार एकाच फाइलमध्ये ठेवावेत. सातबाऱ्यावर नाव दिसते, किंमत दिसत नाही.