नवरी बदलली, तह तोच? स्टुअर्ट काळाचा पर्यायी इतिहास लिहिताना या चुका टाळा

इंग्लंडचा स्टुअर्ट घराण्यातला राजा दुसरा चार्ल्स याचं लग्न पोर्तुगालच्या कॅथरीन ऑफ ब्रगान्झाशी झालंच नसतं तर? पर्यायी इतिहासाच्या वाटेला जाणाऱ्या मराठी लेखकाला हा प्रश्न हमखास खुणावतो, कारण मुंबई आंदण गेली ती याच लग्नात. विषय झकास आहे. पण बहुतेक कथांमध्ये फक्त नवरी बदलते आणि बाकीचं सतरावं शतक होतं तिथेच राहतं. मग पन्नासाव्या पानावर लेखकालाच कळेनासं होतं की गाडं कुठे फसलंय. ते बहुतेक वेळा खालीलपैकी एखाद्या जागी फसलेलं असतं.

लग्नाला लग्न समजणं

ही सगळ्या चुकांची आई. २३ जून १६६१ चा विवाह-करार हा लष्करी तह होता. पोर्तुगालने द्यायचं होतं ते असं: मुंबई, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं टँजिअर, वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) रोख आणि ब्राझील व पूर्वेकडच्या व्यापारात सवलती. बदल्यात इंग्लंडने सैन्य आणि जहाजं पाठवायची होती. पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनच्या जोखडातून सुटला होता खरा, पण १६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांचा पिरेनीजचा तह झाला आणि तो एकटा पडला. पोर्तुगालला उघड मदत न करण्याच्या अटीने बांधला गेलेला फ्रान्सचा चौदावा लुई आतून मात्र या इंग्रज-पोर्तुगीज सोयरिकीला चालनाच देत होता.

आता तुम्ही कॅथरीनच्या जागी पार्माची राजकन्या आणता. आणा, स्पेनच्या वकिलाने ते स्थळ खरोखरच सुचवलं होतं. पण स्पेनला जमैका आणि डंकर्क परत हवे होते, त्याचं काय? जमैका इंग्रजांनी १६५५ मध्ये घेतलं होतं आणि ते सोडायची लंडनमध्ये कुणाची तयारी नव्हती. पार्माची नवरी बोहल्यावर उभी करण्याआधी जमैकाचा निकाल लावा. पोर्तुगालला इंग्रज पलटणी मिळाल्या नाहीत, तर १६६८ मध्ये स्पेनने दिलेली स्वातंत्र्याची मान्यता कोणत्या साली मिळते, की मिळतच नाही, हेही ठरवा. हे दोन प्रश्न टाळून लिहिलेली कथा वाचताना पात्रं कपडे बदलून तीच वाक्यं बोलत असल्यासारखं वाटतं.

पैशाकडेही असंच दुर्लक्ष होतं. १६६२ मध्ये सँडविचचा अर्ल नवरी आणायला लिस्बनला गेला, तेव्हा ठरलेला पहिला हप्तासुद्धा रोख तयार नव्हता. युद्धाने पोर्तुगालची तिजोरी खरवडून निघाली होती. राजमाता लुईझाने रोकड कमी आणि साखर, जवाहीर, हुंड्या जास्त असा ऐवज पुढे केला. तो पैशात कसा करायचा या घोरात बिचारा अर्ल परतला. एवढा जिवंत प्रसंग सोडून लोक नाचगाण्याच्या वर्णनात दोन प्रकरणं का घालवतात, कळत नाही.

जिचं लग्न आधीच झालंय तिला उभी करणं

ओर्तान्स मांसिनी ही फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ याची भाची. चार्ल्सने १६५९ मध्ये तिला मागणी घातली होती. तेव्हा तो विजनवासातला कफल्लक राजा, म्हणून माझारँने नकार दिला. पुढच्या वर्षी चार्ल्सला गादी मिळाली तेव्हा माझारँला पश्चात्ताप झाला, पण आता नकाराची पाळी दुसऱ्या बाजूची होती. १६६१ च्या मार्चमध्ये ओर्तान्सचं लग्न झालं आणि त्याच महिन्यात माझारँ वारला. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन वर्षांची फट आहे. कथा १६६२ मध्ये सुरू करून ओर्तान्सला राणी करता येत नाही.

ऑरेंज घराण्यातल्या हेन्रिएट कॅथरीनचंही तेच. स्थळ उत्तम: प्रोटेस्टंट, चार्ल्सला आवडलेली आणि पुढे बरीच मुलंबाळं झालेली. पण ती १६५९ मध्येच जर्मनीतल्या आनहाल्ट-डेसाऊला सासरी गेली. तिला घ्यायचं तर फाटा, म्हणजे कथा खऱ्या इतिहासापासून वेगळी होते ती जागा, चार्ल्सच्या विजनवासातच फोडावा लागेल. शिवाय तेव्हा डच प्रजासत्ताकात ऑरेंज घराणं सत्तेबाहेर होतं. अशा सोयरिकीने इंग्लंड आणि डचांची मैत्री होईल असं समजू नका. तेव्हा डचांचा कारभार हाकणाऱ्या योहान डी विटच्या डोळ्यांत ती सलली असती.

कूस उजवली की वारस मिळाला

कॅथरीनला मूल जगलं नाही आणि चार्ल्सला बाहेरची डझनभर मुलं होती. यावरून 'दुसरी राणी, म्हणजे युवराज नक्की' असा हिशेब मांडला जातो. पण त्या काळात पाळण्यापासून गादीपर्यंतचा रस्ता फार लांब होता. चार्ल्सचा भाऊ जेम्स आणि ॲन हाइड यांना आठ मुलं झाली, मोठ्या झाल्या दोघीच. पुढे त्यातल्याच राणी ॲनला १७ वेळा दिवस गेले, आणि सर्वांत जास्त जगलेला मुलगा अकराव्या वर्षी, १७०० मध्ये गेला. एकट्या १६६० मध्ये देवीच्या रोगाने चार्ल्सचा एक भाऊ आणि एक बहीण नेली. वारस हवा असेल तर द्या, पण निदान एखादा पाळणा रिकामा होऊ द्या. वाचकाला ते खरं वाटेल.

नको तिथे तेच लोक

समजा, वारस जगला. आता जेम्सची मुलगी मेरी गादीच्या रांगेत मागे ढकलली गेली. १६७७ मध्ये ऑरेंजच्या विल्यमने तिच्याशी लग्न केलं त्यामागे तिचं रांगेतलं स्थान हे मोठं आकर्षण होतं. ते गेलं, तर विल्यम दुसरीकडे सोयरीक बघेल. शिवाय कॅथलिक जेम्स गादीवर येणार ही धास्तीच उरली नाही, तर १६७९ ते १६८१ या काळात त्याला वारसाहक्कातून वगळण्यासाठी पार्लमेंटात झालेला गदारोळ कशाला होईल? आणि तरीही अर्ध्या कथांमध्ये १६८८ साली जेम्सला हटवायला विल्यम इमानेइतबारे आरमार घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतोच. तपासायची सोपी रीत अशी: फाट्यानंतर घडलेल्या प्रत्येक लग्नासमोर 'का झालं?' एवढंच लिहा. उत्तर हरवलेल्या वारसाशी जोडलेलं असेल, तर ते लग्न खोडा.

याउलट, फाट्याआधी जन्मलेल्यांना उगाच पुसू नका. विल्यम १६५० चा आहे. तो राहणारच.

मुंबईचं काय?

इथे मराठी लेखक सर्वांत जास्त घसरतात. 'लग्न नाही, म्हणजे मुंबईत इंग्रज नाहीत, म्हणजे मराठ्यांचं राज्य अबाधित.' इतकं सरळ नाही ते.

इंग्रजांची नजर मुंबईवर लग्नाच्या आधीपासून होती. १६५२ मध्येच सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनी ईस्ट इंडिया कंपनीला कळवलं होतं की ही जागा पोर्तुगीजांकडून विकत घ्यावी. सुरत मुघलांच्या मुठीत होती आणि कंपनीला स्वतःची तटबंदी, स्वतःचं बंदर हवं होतं. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा ही गरज आणखी टोचली असणार. लग्न पुसलं तरी ही गरज पुसली जात नाही. कथेत कंपनी दुसरा मार्ग शोधेल: खरेदी, दुसरं बेट, किंवा बळजबरी.

दुसरा दावेदार म्हणजे डच. विवाह-करारात पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या ठाण्यांना डचांपासून वाचवण्याचं गुप्त कलम होतं. तरीही कोचीन जानेवारी १६६३ मध्ये डचांकडे गेलंच. १६७३ मध्ये डच आरमार मुंबईसमोर येऊन उभं राहिलं, तेव्हा गव्हर्नर ऑन्जियरने बंदोबस्त चोख ठेवला होता म्हणून ते परत फिरलं. त्या जागी गलितगात्र पोर्तुगीज शिबंदी असती तर? डच मुंबईची कथा मला तरी इंग्रजमुक्त मुंबईपेक्षा जास्त पटण्यासारखी वाटते.

आणखी एक म्हणजे, करारावर सही झाली आणि मुंबई मिळाली असं झालंच नव्हतं. सर अब्राहम शिपमन चारशेच्या आसपास सैनिक घेऊन सप्टेंबर १६६२ मध्ये आला, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय मेलो ई कास्त्रोने ताबा द्यायला साफ नकार दिला. कागदपत्रांत खोट काढली. त्या पलटणीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर दिवस काढावे लागले. उघडं बेट, खायला धड नाही, त्यात रोगराई. शिपमन तिथेच १६६४ मध्ये वारला, बहुतेक सैनिकही गेले. उरल्यासुरल्यांना घेऊन शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा घेतला, तोही फक्त मुंबई बेटाचा. साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडेच राहिली, थेट १७३७-३९ च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत. इंग्रज मुंबईत बसले त्या दिवशी हिंदुस्थान हातचा गेला समजा, अशा अर्थाचं पत्र या मेलो ई कास्त्रोने आपल्या राजाला लिहिलं होतं. १६६८ मध्ये चार्ल्सने हे बेट वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं.

म्हणून माझा सल्ला: राणीला हात लावूच नका. लग्न होऊ द्या आणि फाटा अंजदीववर फोडा. कुकही तिथेच वारला, एवढा एक बदल करा आणि पुढे काय होतं ते बघा.

चहा

कॅथरीन नसती तर इंग्रज चहा प्यायले नसते, हे वाक्य काढून टाका. ती येण्याआधीच लंडनमध्ये चहा विकला जात होता. तिने दरबारात त्याची चाल पाडली, इतकंच.

तारखा आणि टपाल

इंग्लंडची दिनदर्शिका तेव्हा पोर्तुगालच्या दहा दिवस मागे होती आणि इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे कुकने ताबा घेतला तो फेब्रुवारी त्यांच्या कागदांत १६६४ चाच दिसतो. लिस्बनहून निघालेलं पत्र लंडनला निघण्याआधीच पोचलं, असा चमत्कार कथेत दिसला तर दोष इथे शोधा. आपल्याकडे रूढ असलेली राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही याच जुन्या इंग्रजी पद्धतीची आहे. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या लेखी तो दिवस १६ जून होता.

टपाल तर त्याहून हळू. लंडनचा हुकूम पश्चिम किनाऱ्यावर यायला सहा-सात महिने सहज जात आणि उत्तर परत जायला तितकेच. मेलो ई कास्त्रोला दोन वर्षांहून जास्त काळ टोलवाटोलवी करता आली ती यामुळेच. तुमच्या कथेत राजाचा संताप पुढच्याच पानावर गोव्यात पोचत असेल, तर मध्ये निदान एक पावसाळा घाला.