औषध रक्तातून जाते, परिणाम मागे राहतो

बी.फार्म.ला (औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला) हाफ-लाइफची, म्हणजे औषधाची रक्तातील पातळी निम्मी होण्यास लागणाऱ्या वेळेची, गणिते बहुतेकांना जमतात; ठरावीक अंतराने डोस चालू ठेवल्यास चार ते पाच हाफ-लाइफनंतर रक्तातील पातळी स्थिरावते, हेही तोंडपाठ असते. विद्यार्थी अडकतात ते त्यापुढे, आणि मीही तिथेच बराच काळ घुटमळलो: पातळीचा आलेख म्हणजेच परिणामाचा आलेख, असे आपण धरून चालतो.

आम्लपित्तावरील ओमेप्राझोलची हाफ-लाइफ जेमतेम 1 तास असूनही न्याहारीपूर्वीची एक कॅप्सूल दिवसभर पुरते, कारण ते जठरात आम्ल सोडणाऱ्या प्रोटॉन पंपांना घट्ट चिकटते आणि नवे पंप तयार होईपर्यंत आम्लस्राव दबलेला राहतो. गुठळ्या रोखणाऱ्या वॉरफेरिनची गोष्ट याहून अवघड आहे. ते यकृतात रक्त गोठवणारे नवे घटक तयार होऊ देत नाही, परंतु रक्तात आधीच फिरत असलेल्या घटकांना हात लावत नाही. ते आपल्या गतीने संपावे लागतात. त्यांपैकी फॅक्टर 7 ची हाफ-लाइफ सुमारे 6 तास असल्याने आयएनआर (रक्त गोठण्यास किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतील आकडा) लवकर हलू लागतो. प्रोथ्रॉम्बिन या दुसऱ्या घटकाची मात्र 60 ते 72 तास असल्याने खरे संरक्षण मिळण्यास सुमारे पाच दिवस जातात. म्हणूनच ताज्या गुठळीच्या रुग्णाला सुरुवातीचे किमान पाच दिवस हेपरिन हे लगेच काम करणारे गुठळीविरोधी औषधही सोबत देतात. दुसऱ्या दिवशी आयएनआर कमी दिसला म्हणून डोस वाढवणे म्हणजे पुढील आठवड्यातील रक्तस्रावाला आमंत्रण होय.

परीक्षेच्या तोंडावर फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्समध्ये हाफ-लाइफचा रकाना असतो, परिणामाच्या कालावधीचा नसतो. त्यांच्या नादी लागू नये. ‘हे परीक्षेला येत नाही’ म्हणणाऱ्या क्लासच्या सरांपेक्षा केसपेपरवर डोस आणि आयएनआर तारखेनिशी शेजारी ठेवून दाखवणारा रुग्णालयातील फार्मासिस्ट कितीतरी चांगला गुरू असतो, असे माझे ठाम मत आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतील एखाद्या औषध दुकानात प्रशिक्षणाला उभे राहिलात, तरी ‘आठवडा झाला, थायरॉईडची तपासणी परत करू का?’ हा प्रश्न कानी पडेलच. थायरॉईडच्या गोळीतील लेव्होथायरॉक्सिनची हाफ-लाइफ सुमारे 7 दिवस असते आणि टीएसएच (या तपासणीत मोजले जाणारे, थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) स्थिरावण्यास 6 ते 8 आठवडे लागतात, हे तेव्हा सांगता आले पाहिजे.

विकलन समीकरणे पाहून घाबरण्याचे कारण नाही. सुरुवातीला ती नसली तरी चालते. औषध शरीरातील नेमके काय बदलते आणि ते पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो, एवढे विचारून एकाच कालरेषेवर दोन आलेख हाताने काढावेत. पहिला सराव अ‍ॅस्पिरिनवर करावा: त्याची हाफ-लाइफ 15 ते 20 मिनिटे, तर त्याने निकामी केलेल्या प्लेटलेटचे आयुष्य 7 ते 10 दिवस.