स्किटमध्ये आपटायचं पण लागू द्यायचं नाही
सांगलीत गॅदरिंगला पडापडीचं स्किट बसवताय तर आधी हॅनलन-लीज माहीत करून घ्या, इंग्लंडकडचे सहा भाऊ, मूळचे कसरतपटू, १८७९ ला पॅरिसमध्ये त्यांच्या नाटकात माणूस छत फोडून थेट जेवणाच्या टेबलावर पडायचा (त्याच सुमारास आपले अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे सर्कस काढत होते बरं का). पुढं इंग्लंडचा विनोदी नाटकं काढणारा फ्रेड कार्नो पण कसरतीतूनच आला आणि त्याच्या कंपनीत चॅप्लिन तयार झाला.

आता पडायचं कसं. तालमीतली मॅट घ्या, मातीचा हौदा मिळाला तर उत्तमच. हनुवटी छातीला लावायची, गुडघे वाकवून आधी बूड मग पाठ असं गोल जायचं, हात मागं टेकला की मनगट गेलंच म्हणून समजा, त्यापेक्षा दोन्ही तळहात बाजूला सपकन आपटायचे, आवाज मोठा येतो आणि पब्लिकला वाटतं मेला गडी. थोबाडीत मारताना हात गालाला लावायचाच नाही, खाणाऱ्यानंच पब्लिकला दिसणार नाही अशी टाळी वाजवून मान झटकायची, हे टायमिंग दहादा घोटा. आणि पडल्या पडल्या उठू नका राव, आधी टोपी शोधा.