केदारनाथला जायचंय? आधी एक रिकामा दिवस राखून ठेवा

आमच्याकडे केदारनाथचा बेत बहुतेक वेळा लग्नाच्या पंगतीत ठरतो. कुणीतरी म्हणतं, "यंदा केदारला जाऊन येऊ," आणि आठवड्याभरात सहा दिवसांत केदार-बद्री-मसुरी असा तक्ता व्हॉट्सॲपवर येऊन पडतो. पहिल्या खेपेला मीही तसाच तक्ता घेऊन आईला घेऊन गेले होते. केदारनाथच्या वाटेवरच्या सोनप्रयागला पहाटे पाचला रांगेत लागलो, पाऊस सुरू झाला, वरची वाट बंद केली आणि अकरा वाजेपर्यंत आम्ही तिथेच चहावर चहा पीत बसलो. त्या सहा तासांत पुढची सगळी बुकिंगं कोलमडली. म्हणून तक्ता करताना पहिली ओळ 'राखीव दिवस' अशी लिहा, मग बाकीचं.

तारीख ठरवणं

हिवाळ्यात मंदिर बंद असतं, तेव्हा केदारनाथची पूजा खाली उखीमठ गावच्या ओंकारेश्वर मंदिरात होते. कपाट, म्हणजे मंदिराचं दार, कधी उघडणार हे तिथेच महाशिवरात्रीला जाहीर करतात. साधारण अक्षय्य तृतीयेच्या आसपास उघडतं आणि भाऊबीजेला बंद होतं. २०२५ मध्ये २ मे ते २३ ऑक्टोबर असा हंगाम होता.

मे ते अर्धा जून सगळ्यांच्या मुलांना सुट्टी, त्यामुळे गर्दी तुफान. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. ३१ जुलै २०२४ च्या पावसात पायवाट जागोजागी वाहून गेली आणि हजारो लोक अडकले. 'श्रावणात शंकराचं दर्शन' हा मोह आपल्याला हटकून होतो, पण उत्तरेतला श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो आणि तेव्हा हरिद्वारचे रस्ते कावडीतून गंगाजल नेणाऱ्या कावडियांनी भरून गेलेले असतात. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. आकाश धुतलेलं असतं, शिखरं दिसतात, थंडी सोसते. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर रात्री पारा शून्याखाली जाईल असं धरूनच कपडे घ्या.

कागदपत्रं आणि तिकिटं

यात्रेची नोंदणी सक्तीची आहे आणि ती उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर करता येते. आधारवर आहे तसंच नाव टाका. तारखेचा क्यूआर कोड मिळतो, त्याची छापील प्रत जवळ ठेवा. ऐन वेळी फोनची बॅटरी दगा देते. हेलिकॉप्टर हवं असेल तर तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच घ्या, त्यासाठीही हा नोंदणी क्रमांक लागतो. 'दादा, दोन सीट शिल्लक आहेत, ॲडव्हान्स पाठवा' म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका. शिवाय धुकं आलं की उड्डाण रद्द, तेव्हा हेलिकॉप्टरच्या भरवशावर राखीव दिवस कापू नका.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. हरिद्वारपर्यंत रेल्वेने किंवा डेहराडूनच्या जॉली ग्रँट विमानतळापर्यंत विमानाने जायचं, पुढे गाडी. हरिद्वार ते गुप्तकाशी अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, पण घाटात तासाला पंचवीस धरा. सकाळी सहाला निघालात तर देवप्रयाग, श्रीनगर (काश्मीरचं नव्हे, गढवालचं), रुद्रप्रयाग करत संध्याकाळी पोचाल. रात्री डोंगरात गाड्या चालवू देत नाहीत, त्यामुळे 'रात्रीतून मारू' हा आपला आवडता उपाय इथे चालत नाही. गुप्तकाशीला मुक्काम करा. एकदम साडेतीन हजार मीटरवर जाण्याआधी शरीराला एक पायरी मिळते.

शरीराची तयारी

गौरीकुंड ते केदारनाथ वाट सुमारे १६ किलोमीटर आणि चढ सुमारे १६०० मीटर. म्हणजे पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड अडीच वेळा, तोही विरळ हवेत. ३५८३ मीटरवर समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. दोन महिने आधीपासून दर रविवारी एखादा डोंगर, नाहीतर इमारतीचे जिने. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उंचीवरच्या त्रासासाठीची गोळीही त्यांच्या सल्ल्यानेच. वर डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, बोलताना धाप लागली तर थांबायचं, आणि त्रास वाढला तर तडक खाली. दर्शन घेऊनच उतरू, असा हट्ट नको.

नवे बूट घालून जाऊ नका. रेनकोट पायघोळ हवा, छत्री वाऱ्यात उलटते. पाठीवर एकच पिशवी घ्या, बाकी सामान गुप्तकाशीच्या लॉजवर ठेवा. रोख पैसे जवळ असू द्या.

चढताना

सोनप्रयागला नोंदणी तपासतात, तिथून पाच किलोमीटर जीपने गौरीकुंड. उजाडताच चालू लागा, दुपारनंतर खालून वर सोडत नाहीत. जंगलचट्टी, भीमबलीपर्यंत वाट सोसते. पुढे रामबाडा. जून २०१३ च्या पुरात हे अख्खं गाव गेलं. आता तिथून पूल ओलांडून मंदाकिनीच्या दुसऱ्या काठाने नवी वाट जाते आणि लिंचोलीपर्यंतचा खडा चढ तिथेच सुरू होतो. दम इथे लागतो, तेव्हा आधी उधळू नका.

घोडा, डोली, कंडी (माणूस पाठीवरच्या टोपलीतून नेतो ती) यांचे सरकारी दर असतात. काउंटरवर पैसे भरून पावती घ्या. घोड्यावर बसल्यावर चढणीला पुढे झुकायचं, उतरणीला मागे. पायी असाल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा: मागून घुंगरं वाजली की डोंगराच्या बाजूला सरका, दरीकडे कधीच नाही. खेचरं रस्ता देत नाहीत. आईच्या कोपराला खोगीर घासून गेलं तेव्हा ती भिंतीला चिकटून उभी होती म्हणून बचावली.

वर पोचल्यावर

त्याच दिवशी उतरायचा विचार सोडा. वर तंबू, खोल्या मिळतात. आधी बुक करा. संध्याकाळी शृंगारदर्शन (सजवलेल्या देवाचं दर्शन) घ्या, पहाटे पुन्हा रांगेत लागा. गर्दी नसेल तर सकाळी गाभाऱ्यात जाऊन त्या त्रिकोणी शिळेला हाताने तूप लावता येतं. थंडीने तूप डबीतच थिजलेलं असतं. आईने ते तळहातावर घासून पातळ केलं आणि मग लावलं. देवळामागची भीमशिला बघा, पुराचं पाणी हिनेच दुभागलं आणि मंदिर वाचलं. भैरवनाथाची टेकडी पाय शिल्लक असतील तरच.

उतरताना गुडघे बोलतात, काठी हवीच.

आणि तो राखीव दिवस? पावसाने खाल्ला नाही तर सोनप्रयागहून गाडीने त्रियुगीनारायणला जा. शंकर-पार्वतीचं लग्न इथेच लागलं म्हणतात, आणि त्या लग्नाच्या होमातली धुनी अजून विझलेली नाही. एक लाकूड आत टाकायचं, चिमूटभर राख कागदात बांधून घ्यायची. आमच्या देव्हाऱ्यात ती पुडी अजून आहे.