कालव्याकाठून पबपर्यंत: परतीची गाडी आधी बघा

इंग्लंडमध्ये मित्राबरोबर संध्याकाळी कालव्याकाठून पबला चालत जायचं असेल, तर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन ते एव्हनक्लिफ ही वाट निवडा. केनेट आणि एव्हन कालव्याच्या काठाने सुमारे अडीच किलोमीटर, पूर्ण सपाट. पूर्वी नावा ओढणारे घोडे इथूनच चालायचे. शेवटी अभियंता जॉन रेनीने बांधलेला दगडी जलसेतू लागतो. कालवा नदीवरून जाताना बघायला थांबाच, मला तिथून पाय निघत नाही. सेतूच्या पायथ्याशीच ‘क्रॉस गन्स’ पब आहे.

जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, ऑक्टोबरअखेर मात्र सहालाच अंधारतं. बहुतेक गावाकडच्या पबांत स्वयंपाकघर बारच्या आधी बंद होतं, म्हणून दुपारीच फोन करून वेळ विचारा.

परत चालत येणार असाल तर टॉर्च हवाच. काठाला कठडा नसतो आणि पुलांखाली वाट अरुंद होते. दोन पेले झाल्यावर तर रेल्वेच बरी. एव्हनक्लिफला छोटं स्टेशन आहे, पण गाडी विनंतीवरच थांबते: फलाटावर दिसेल असं उभं राहून चालकाला हात दाखवा.