कुंडीतलं झाड पिवळं पडतंय? कोल्हापुरात बाग सुरू करताना या चुका टाळा

जुलैमध्ये गच्चीवरची मिरची पिवळी पडली की शेजारून सल्ला येतो, ‘खत कमी पडलंय.’ मग मूठभर युरिया कुंडीत जातो आणि रोप मान टाकतं. कुंडीतल्या झाडाचं दुखणं बहुतेक वेळा मुळांशी असतं. आपल्याकडच्या पावसात तर आधी तिथंच बघावं, खताचा विचार नंतर.

पाणी जास्त झालं तरी पान पिवळं पडतं आणि कमी झालं तरी. म्हणून बोटाची दोन पेरं मातीत खुपसून पाहा. माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल, कुबट वास येत असेल, तर मुळं कुजू लागली आहेत. झाड अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरट आणि टणक असतात. तपकिरी, बोटात पिचणारी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, झाड नव्या कोरड्या माती-खताच्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. या काळात पाणी बेतानं द्या, खत अजिबात नको.

नुसती काळी माती भरू नका

गावाकडनं पोतं भरून आणलेली काळी माती शेतात सोन्यासारखी असते, पण कुंडीत तिचं वागणं बदलतं. पावसात ती चिकट होऊन हवा कोंडते. उन्हाळ्यात आक्रसून कडेनं फट पडते, त्या फटीतून पाणी सरळ खाली निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. खाली पाणी आलं म्हणजे झाडाला पोचलं, असं समजू नका. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात बसवा, गड्डा भिजेल.

दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाड वाळू, हे मिश्रण बहुतेक झाडांना चालतं. गच्ची पावसाला उघडी असेल तर वाळू थोडी वाढवा. वाळू जाडच हवी. बारीक वाळू काळ्या मातीत मिसळली की घट्ट थर बसतो. पन्हाळ्याकडची लाल मातीही एकटी भरली तर वाळल्यावर कडक होते, तिच्यातही खत आणि कोकोपीट घालाच.

कुंडीच्या तळाची भोकं मृगाच्या आधी काडीनं मोकळी करून घ्या. कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा आणि खालच्या ताटल्या पावसाळ्यात काढून टाका. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

ताजं शेण आणि हुमणी

कोल्हापुरात शेण मिळायला अडचण नाही, म्हणूनच ही चूक जास्त होते. कच्चं शेण मातीत कुजताना उष्णता निघते आणि कोवळी मुळं भाजतात. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेणातून हुमणी येते. ऊस लावणाऱ्या कुणालाही विचारा, तिनं काय नुकसान होतं ते. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी मुळं कुरतडते, वरून झाड फक्त सुकत जाताना दिसतं आणि आपण आणखी पाणी ओततो. खत भुरभुरीत, काळपट आणि वास न येणारं झालं की वापरा. कुंडीत टाकण्याआधी ते कागदावर पसरून अळ्या वेचा. साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेल्या मळीचंही (प्रेसमड) तसंच, चांगली कुजल्याशिवाय तिला हात लावू नका.

मिरचीची पानं मुरडली तर

कडा वर वळून पान वाटीसारखं झालं असेल तर फुलकिडे, खाली वळलं असेल तर कोळी नावाची बारीक कीड, असा साधारण अंदाज बांधता येतो. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, फुलकिडे असतील तर बारीक लांबट किडे चालताना दिसतील. एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्यानं पुन्हा करा. उन्हात फवारलं तर पानं करपतात. रोप खुरटून पूर्ण बोकडलंच असेल, तर शेजारच्या रोपांसाठी ते उपटून टाका.

कोथिंबिरीची वेळ

एप्रिलच्या उन्हात पेरलेली कोथिंबीर लवकर फुलावर जाते, जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात आडवी होते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा खरा काळ. धणे लाटण्यानं हलके दाबून दोन फाकळ्या करा आणि जिथं वाढवायची तिथंच पेरा, कारण रोप उपटून दुसरीकडं लावलेलं तिला सोसत नाही. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, काही वेळा जास्तही. तोवर माती उकरून बघू नका.